तळटीप : ‘इंटरझोनल’

२. इंटरझोनल : पुणे विद्यापीठातला (२०१४पासून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठ) बास्केटबॉलचा हंगाम आंतरमहाविद्यालयीन सामन्यांवर संपत नाही. बारामतीचं तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय (स्थापना १९६२) काय किंवा इंदापूरचं महाविद्यालय काय, दोन्ही पुणे जिल्हा विभागात मोडतात. विभागाचा निवड संघ मग इंटरझोनलमध्ये पुणे शहर, नगर, नाशिक या विभागांच्या संघांशी भिडतो. म्हणजे कालपर्यंत रिंगखाली कोपरं मारत एकमेकांचा चेंडू हिसकावणारी दोन तालुक्यांतली पोरं आता एकाच जर्सीत उतरू शकतात. या रचनेतली ही सर्वांत देखणी गोष्ट. पुढे विद्यापीठ संघ, मग पश्चिम विभागाची स्पर्धा आणि तिथे पहिल्या चारांत आल्यास अखिल भारतीय स्पर्धा. याउलट अमेरिकेत १९३९पासून महाविद्यालयं हंगामाअखेर स्वतःच्या नावानेच बाद फेरी खेळतात. लेखकाचा ‘आमचा संघ’ इथून पुढे जिल्ह्याचा समजावा. — संपा.