हळदोण्याचा ट्रम्पेटवादक

ज्युबिलीचा सोहळा हा जसा आनंदाचा, तसाच ऋणांच्या हिशेबाचाही प्रसंग होय. ज्या धर्मगुरूंनी देवळाचा पाया घातला, ज्या भाविकांनी पदरमोड करून घंटा आणविली, ज्या भगिनींनी वेदीची वस्त्रे शिवली, त्यांची नावे अशा वेळी कृतज्ञतेने घेतली जातात आणि तसे होणे सर्वथा योग्यच आहे. परंतु या नामावळीतून एक वर्ग बहुधा सुटून जातो. तो म्हणजे देवळाच्या मागील माडीवर, भाविकांच्या पाठीशी उभा राहून गाणारा व वाजविणारा वर्ग. त्याचा स्वर सर्वांस ऐकू येतो. त्याचे मुख मात्र कोणी मागे वळून पाहात नाही. अशा वर्गातून निघालेल्या आणि पुढे साऱ्या हिंदुस्थानाच्या कानी पडूनही नावाने अज्ञात राहिलेल्या एका कलावंताची हकीकत येथे सांगावयाची आहे. त्यांचे नाव आंतोनियो शाव्हियेर वाझ. रंगमंचावर ते 'चिक चॉकलेट' या काहीशा गमतीच्या नावाने प्रसिद्ध होते.

1951 साली प्रदर्शित झालेला 'अलबेला' हा बोलपट आपल्यापैकी अनेकांनी पाहिला असेल. त्याचे नायक व दिग्दर्शक मास्टर भगवान, संगीतकार सी. रामचंद्र, दोघेही मराठी. त्यांच्या कर्तृत्वाचा अभिमान मराठी माणूस आजही बाळगतो. याच चित्रपटातील एका नृत्यप्रसंगी झालरीच्या बाह्यांचे पोशाख केलेला एक वाद्यवृंद क्षणभर दिसतो आणि त्यात ट्रम्पेट हाती घेतलेला एक हसतमुख गृहस्थ आढळतो. पाहणाऱ्याची दृष्टी नाचणाऱ्या नायकनायिकेवर खिळलेली असल्यामुळे त्या गृहस्थांकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखकाचेही कित्येक वर्षे गेले नव्हते. ते गृहस्थ म्हणजेच चिक चॉकलेट हे कळल्यावर, आणि ते मूळचे गोव्यातील बारदेश महालाच्या हळदोणे गावचे होते हे समजल्यावर, तो चित्रपट पुन्हा पाहावासा वाटला. दुसऱ्या खेपेस डोळ्यांपेक्षा कानच अधिक सावध होते.

चिक यांचा जन्म 1916 सालचा. हळदोण्यास म्हापशाच्या नदीकाठी 1596 साली बांधलेले संत थॉमस यांचे भव्य देऊळ आहे. गोव्यातील जुन्या ख्रिस्ती गावांची रीत अशी की, देवळाबरोबर पॅरिशची शाळा असावयाची आणि त्या शाळेत धर्मशिक्षणाबरोबर गायनाचेही शिक्षण व्हावयाचे. हे काम 'मेस्त' करीत. मेस्त म्हणजे देवळाचा गायनमास्तर. तो मुलांस प्रथम 'सोल्फेज', म्हणजे कागदावरील स्वरलिपी पाहून सूर म्हणावयास, शिकवी. ती साधल्यावर मग व्हायोलिन अथवा अन्य वाद्य हाती येई. मिस्सेतील लॅटिन गायन, नोव्हेना, लदीन, सणाच्या दिवशीचा बँड, या सर्वांस लागणारी माणसे याच शाळेतून तयार होत. श्रीमंताचा मुलगा असो की भाटकाराच्या जमिनीवर राहणाऱ्या मुंडकाराचा, ही विद्या दोघांसही मिळे. चिक यांचेही आरंभीचे संगीतशिक्षण अशाच पॅरिशच्या शाळेत झाले.

परंतु विद्या देवळात मिळाली तरी पोट देवळात भरण्यासारखे नव्हते. त्या काळी गोव्यातील तरुण आगबोटीने अगर रेल्वेने मुंबई गाठीत. धोबीतलाव व माझगाव या भागांत त्यांच्या गावोगावच्या 'कुडी' होत्या. कूड म्हणजे एकाच गावच्या लोकांनी वर्गणीने चालविलेले राहण्याचे ठिकाण. तेथे ग्रामसंताची वेदी असे आणि संध्याकाळी सर्व मिळून रोझरी म्हणत. खलाशी, स्वयंपाकी, शिंपी आणि वादक हे एकाच छपराखाली पेटीशी पेटी लावून राहात. चिक यांनी यंत्रकामाचा धंदा शिकून नियमित पगार मिळवावा, अशी त्यांच्या मातोश्रींची इच्छा होती असे सांगतात. कोणत्याही आईस असेच वाटले असते. वादकाचे जिणे तेव्हा बेभरवशाचे होते, आणि हॉटेलात वाजविणाराकडे आपल्या समाजात फारशा आदराने पाहिले जात नसे, हेही प्रांजळपणे मान्य केले पाहिजे.

याच सुमारास मुंबईत एका नव्या संगीताने प्रवेश केला होता. ते म्हणजे जाझ. 1935 साली लिऑन अ‍ॅबी या कृष्णवर्णी अमेरिकन व्हायोलिनवादकाचा वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात आला. त्याच्या मागोमाग ट्रम्पेटवादक क्रिकेट स्मिथ आणि पियानोवादक टेडी वेदरफर्ड आले. हे संगीत अमेरिकेतील निग्रो जनतेने जन्मास घातलेले. गुलामगिरीच्या यातना, शेतात राबताना म्हटलेली गाणी आणि प्रार्थनामंदिरांतील स्तोत्रे यांचा त्यात संगम झालेला. अशा संगीताची ओढ आपल्या वादकांस लागावी, यात नवल नाही. मात्र एक अडचण होती. मेस्तांच्या शिष्यास कागदावरचे वाचून वाजविण्याची उत्तम सवय. जाझचे मर्म तर कागदाबाहेर. मूळ चाल क्षणभर बाजूस ठेवून वादकाने स्वतःच्या मनाने, त्याच क्षणी, नवे सूर गुंफावयाचे, ही त्याची रीत. ती शिकविणारी शाळा मुंबईत नव्हती. ग्रामोफोनच्या तबकड्या पुन्हापुन्हा लावून आणि परदेशी वादकांच्या शेजारी बसून ती आत्मसात करावी लागे.

चिक यांनी ही दुसरी विद्याही संपादन केली. त्यांचे दैवत म्हणजे न्यू ऑर्लिन्स शहराचे सुप्रसिद्ध ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँग. आर्मस्ट्राँगप्रमाणेच घोगऱ्या आवाजात गावे, हातात पांढरा रुमाल धरावा, हसतहसत श्रोत्यांस आपलेसे करावे आणि मग ट्रम्पेट उचलून उंच सुरांनी दिवाणखाना दणाणून सोडावा, अशी त्यांची पद्धत होती. लोक त्यांस 'हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग' म्हणू लागले. 'चिक अँड द म्युझिक मेकर्स' हा त्यांचा वाद्यवृंद प्रथम ग्रीन्स हॉटेलात आणि पुढे शेजारच्या ताजमध्ये वाजू लागला. ग्रीन्स हॉटेल आज नाही. त्याच जागी ताजचा उंच मनोरा उभा आहे. दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत मुंबई दोस्त राष्ट्रांच्या सैनिकांनी गजबजली होती व नृत्यगृहे भरून वाहात होती. त्या काळी म्युझिक मेकर्सच्या तबकड्याही निघाल्या.

येथे कोणी म्हणेल की, साहेबांच्या नाचास साथ करणाऱ्या माणसाची थोरवी पॅरिशच्या स्मरणिकेत कशास? आक्षेप रास्त आहे, म्हणूनच पुढील हकीकत सांगणे अवश्य आहे. 1947 साली देश स्वतंत्र झाला. इंग्रज अधिकारी व लष्कर परत गेले. 1949 च्या कायद्याने मुंबई प्रांतात दारूबंदी आली आणि हॉटेलांतील नृत्यरजनींचा बहर ओसरू लागला. वादकांपुढे पोटाचा प्रश्न उभा राहिला. नेमक्या त्याच वेळी मुंबईच्या बोलपटांस मोठ्या वाद्यवृंदांची गरज भासू लागली होती, आणि ती पुरविण्याजोगी विद्या आपल्या लोकांपाशी होती.

ती कशी, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडील संगीतकार चाल रचीत ती मुखाने अथवा हार्मोनियमवर. आणि आपले थोर गवई व वादक विद्या शिकत ती कानाने व स्मरणाने. एकट्या गायकास हे पुरते. पण वीसपंचवीस व्हायोलिने, ट्रम्पेट, सॅक्सोफोन आणि पियानो एकत्र वाजवावयाचे, तर प्रत्येकाने कोणता सूर कोणत्या क्षणी धरावयाचा हे कागदावर लिहिलेले असावे लागते. शिवाय गायक व सर्व वादक एकाच वेळी वाजवीत आणि ध्वनिमुद्रण सलग होई. मध्येच एकाने चूक केली तर सर्वांनी पुन्हा आरंभापासून सुरुवात करावयाची. अशा वेळी स्वररचना लिहिणारा आणि लिहिलेली पाहताक्षणी वाजविणारा माणूस हवा होता. तो गोव्यातील देवळांच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या घडवून ठेवला होता. मिस्सेच्या गायनासाठी शिकविलेली स्वरलिपी अशा रीतीने हिंदी गाण्यांच्या कामी आली.

सी. रामचंद्र म्हणजे नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर. पाश्चात्य तालांचा त्यांस मोठा षोक होता. चिक त्यांचे सहायक झाले, आणि मराठी मातीतली चाल व हळदोण्याचा ट्रम्पेट यांचा मिलाफ 'अलबेला'त साऱ्या देशाने ऐकला. चिक यांनी स्वतंत्रपणेही 'नादान' (1951) व 'रंगीली' (1952) या चित्रपटांस संगीत दिले. परंतु संगीतकार म्हणून त्यांचे नाव फारसे रुजले नाही. पुढे 1966 साली चेतन आनंद यांच्या 'आखरी खत' या चित्रपटात, खय्याम यांच्या संगीतातील एका रात्रीच्या गीतात, गायक भूपिंदर यांच्यासोबत ते पडद्यावर ट्रम्पेट वाजविताना दिसले. तो सूर ऐकणाऱ्यास आजही थांबवून धरतो. त्यात नाचाचा गलबला नाही, उत्तररात्रीची शांतता आहे. त्यानंतर थोड्याच काळात, 1967 च्या मे महिन्यात, अवघ्या पन्नाशीत चिक यांचे देहावसान झाले.

आणि हे एकट्या चिक यांच्याच वाट्यास आले असे नव्हे. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांचे वाद्यमेळ वर्षानुवर्षे रचणारे सेबास्तियन डिसोझा, अथवा माजोर्डे गावचे व्हायोलिनगुरू अँथनी गोन्साल्विस यांची नावे किती जणांस ठाऊक आहेत? 1977 सालच्या 'अमर अकबर अँथनी' या चित्रपटातील विनोदी गीतात गोन्साल्विस यांचे नाव आले, ते त्यांचे शिष्य संगीतकार प्यारेलाल यांनी गुरूस वाहिलेली आदरांजली म्हणून. परंतु असे कोणी गृहस्थ खरोखरच होते, हे त्या गाण्यावर नाचणाऱ्या बहुतेकांस माहीत नव्हते. चित्रपटाच्या आरंभी झळकणाऱ्या नामावलीत स्वररचनाकाराचे नाव असलेच तर 'सहायक' म्हणून असे. वादकांची नावे तर बहुधा नसतच. देश ज्यांचे सूर गुणगुणत होता, ते संध्याकाळी कुडीत परतून इतरांबरोबर रोझरी म्हणत होते.

बाहेरच्या जगाने त्यांस विसरावे याचा विषाद आहेच. परंतु आपणही त्यांस आपले म्हटले नाही, याचा विषाद अधिक आहे. नाचघरात वाजवितो म्हणून आपण त्यांच्याकडे पाठ फिरविली. आणि ज्या विद्येवर ते तेथवर पोहोचले ती आपल्याच देवळाच्या माडीवरून गेली होती, हे ध्यानात घेतले नाही. पेरणाऱ्याच्या दाखल्यात बी कोठकोठे पडते, हे प्रभूने आपणांस सांगितलेच आहे. मेस्तांनी पेरलेले काही बी कुंपणाबाहेर पडले व तेथेही उगवले. ते पीक परक्याचे कसे म्हणावे?

या संदर्भात एक गोष्ट मनन करण्याजोगी आहे. चिक यांचे दैवत जे लुई आर्मस्ट्राँग, ते आपला जन्म 4 जुलै 1900 रोजी झाला असे आयुष्यभर सांगत आले आणि जगही तेच मानीत होते. 1971 साली त्यांचा मृत्यू झाला. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी न्यू ऑर्लिन्समधील येशूच्या पवित्र हृदयाच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याची एक जुनी वही उघडली गेली. तीत लॅटिन भाषेतील नोंद सापडली: जन्म 4 ऑगस्ट 1901, बाप्तिस्मा त्याच महिन्याच्या 25 तारखेस. गरिबाघरच्या त्या निग्रो बालकाची दखल त्या दिवशी शहरात दुसऱ्या कोणी घेतली असेल की नाही कोण जाणे. परंतु पॅरिशच्या एका पाद्र्याने लेखणी घेऊन ते नाव लिहिले, आणि जगद्विख्यात पुरुषाचा खरा जन्मदिवस त्या एका ओळीने जगास सांगितला.

तेव्हा ज्युबिलीच्या या वर्षी आपणही एक वही उघडू या. आपल्या देवळात कोणी ऑर्गन वाजविला, कोणत्या मास्तरांनी मुलांस सूर शिकविले, सणाच्या मिरवणुकीत कोणी कर्णा फुंकला, कोण पुढे मुंबईच्या वाद्यवृंदांत गेले, ही नावे वयोवृद्धांच्या मुखात आहेत तोवरच लिहून ठेविली पाहिजेत. घरोघरच्या पेट्यांत जुनी छायाचित्रे असतील; त्यांच्या पाठीवर नावे लिहावी. कोण थोर व कोण सामान्य याची निवड आज करण्याचे कारण नाही.

आणि या रविवारी मिस्सा आटोपून बाहेर पडताना क्षणभर मागे वळून माडीकडे अवश्य पाहावे. आंतोनियो शाव्हियेर वाझ यांच्या आणि त्यांच्यासारख्या सर्व अनाम वादकांच्या आत्म्यांस प्रभू चिरशांती देवो.