पुढची उंची वाढली, शॉकअपचे काय?

पिकअप ट्रक रिकामा उभा असला की त्याचे नाक किंचित खाली झुकलेले दिसते. हा दोष नव्हे. मागच्या हौद्यात माल भरल्यावर पाटे दबतात आणि गाडी समपातळीवर येते, हे गृहीत धरूनच तिची घडण झालेली असते. तरीही खडकाळ वाटेने जाण्यासाठी, मोठे टायर बसावेत म्हणून किंवा निव्वळ रुबाबासाठी अनेक मालक पुढची बाजू दीड-दोन इंच उचलून घेतात. अमेरिका, ऑस्ट्रेलिया आणि थायलंडमध्ये ही हौस जुनी आहे. भारतात २०१६ मध्ये इसुझूची व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये टोयोटाची हायलक्स आल्यानंतर येथील मालकांपुढेही हा प्रश्न येऊ लागला.

उंची वाढवण्याचे काम अर्ध्या दिवसात उरकते. अडचण कळते ती पहिल्या मोठ्या गतिरोधकावर. चाक उतरताना पुढून ‘खट्’ असा आवाज येतो, स्टिअरिंगला हादरा बसतो. शॉकअप पूर्ण ताणला जाऊन अडल्याची ही खूण असते. याकडे दुर्लक्ष झाले तर आधी रबरी बुश फाटतात, मग शॉकअपची कडी किंवा त्याचा चासीवरील ब्रॅकेट तुटतो. घाटाच्या वळणावर असे घडले तर काय होईल, हे सांगण्याची गरज नाही. म्हणूनच उंची वाढवण्याच्या हिशेबात सर्वांत शेवटी आठवणारा शॉकअप खरे तर सर्वांत आधी मोजायला हवा.

शॉकअप वजन पेलत नाही

गाडीचे वजन पेलण्याचे काम स्प्रिंग, पाटे किंवा टॉर्शन बार करतात. शॉकअप त्यांची हालचाल आवरतो. त्याच्या नळीतील तेल दट्ट्याच्या बारीक छिद्रांतून आणि झडपांतून ढकलले जाते, हालचालीतील ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते आणि गाडीचे झोके थांबतात. साहजिकच ‘लांब शॉकअप बसवले की गाडी उंच होते’ ही समजूत चुकीची ठरते. दाबाखालचा नायट्रोजन भरलेल्या शॉकअपमुळे उंचीत पडणारा फरक नगण्य असतो. स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते त्या ‘कॉइलओव्हर’ जोडणीतही उंची ठरते ती स्प्रिंगमुळे आणि तिच्या बैठकीमुळे.

प्रत्येक शॉकअपला दोन लांब्या असतात : पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली. चाकाच्या हालचालीलाही दोन टोके असतात. वर जाताना ते रबरी बम्पस्टॉपला टेकते आणि खाली येताना अधांतरी लोंबते. शॉकअप दाबला जाऊन त्याचा तळ लागण्यापूर्वी बम्पस्टॉप टेकलाच पाहिजे, हा पहिला नियम. तसे झाले नाही तर खड्ड्याचा सगळा दणका शॉकअपच्या आतील झडपांवर आणि दोन्ही टोकांच्या बोल्टवर येतो. खालच्या टोकाचा नियम मात्र सर्व गाड्यांना सारखा नाही. तो पुढच्या सस्पेन्शनच्या रचनेवर अवलंबून असतो.

रचना तीन, हिशेब तीन

टॉर्शन बार : पहिल्या पिढीची इसुझू डी-मॅक्स किंवा जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह हायलक्स गाड्यांमध्ये स्प्रिंगच्या जागी पीळ घेणारी लांब पोलादी सळई असे. तिच्या टोकाचा बोल्ट आवळला की गाडीचे नाक वर येते. यात सळईचा मूळ कडकपणा वाढत नाही आणि चाकाची एकूण हालचालही तेवढीच राहते. बदलते ती चाकाची स्थिर जागा. वर जाण्यास वाव वाढतो, खाली येण्यास तेवढाच घटतो. त्यामुळे माफक उंचीसाठी मूळ लांबीचा शॉकअप येथे चालू शकतो. लांब शॉकअप घालून घटलेला वाव परत मिळत नाही, कारण वरच्या आर्मचा रबरी थांबा चाकाला आधीच अडवतो. ‘खट्’ आवाज या थांब्याचा असेल तर त्यावर उपाय एकच, बोल्ट थोडा सैल करून उंची कमी करणे.

कॉइलओव्हर : दुसऱ्या पिढीपासूनची डी-मॅक्स, म्हणजे भारतातील व्ही-क्रॉसही, आणि २००४-०५ नंतरची हायलक्स या रचनेच्या आहेत. या गाड्यांत चाक किती खाली यावे, ही मर्यादा बहुधा शॉकअपच घालतो. सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे जोडणीच्या माथ्यावर धातूची जाड चकती बसवणे. शॉकअप खालच्या आर्मच्या साधारण मध्यावर टेकलेला असल्याने चकतीच्या जाडीच्या जवळपास दुप्पट उंची चाकापाशी मिळते. २५ मिलिमीटरची चकती गाडी सुमारे दोन इंच उचलते. मात्र संपूर्ण जोडणी खाली सरकल्याने चाकही पूर्वीपेक्षा खाली लोंबते. वरचा बॉल जॉइंट आणि फोर-व्हील-ड्राइव्ह गाडीतील ॲक्सलचे सांधे ठरलेल्या कोनापलीकडे वाकतात, त्यांवरील रबरी टोप्या फाटतात. दुसऱ्या टोकाला, बम्पस्टॉप टेकण्याआधीच शॉकअपचा तळ लागण्याची शक्यता निर्माण होते. म्हणून चकती बसवली तर बम्पस्टॉपखालीही योग्य जाडीचा ठोकळा द्यावा लागतो.

दुसऱ्या मार्गात चकती स्प्रिंग आणि तिच्या बैठकीच्या मध्ये बसते. त्याने सांध्यांची कमाल मर्यादा ओलांडली जात नाही, परंतु शॉकअप उभ्या गाडीतच बराच ताणलेला राहतो आणि छोट्या खड्ड्यातही टोकाला जाऊन अडतो. तिसरा मार्ग खर्चिक, पण सरळ आहे. वाढीव उंचीसाठीच घडवलेली स्प्रिंग आणि तिला जुळणाऱ्या झडपांचा शॉकअप अशी पूर्ण जोडणी घेणे. येथे ‘जितका लांब तितका चांगला’ हा न्याय लागू पडत नाही. शॉकअप जास्त लांब झाला तर सांधे वाचवणारी मर्यादाच नाहीशी होते.

अखंड ॲक्सल : लॅंड क्रूझर ७९ सारख्या पिकअपमध्ये पुढची दोन्ही चाके एकाच ॲक्सलवर असतात आणि शॉकअप स्प्रिंगपासून वेगळा असतो. येथे लांब स्प्रिंग घातली की लांब शॉकअप लागतोच. समजा, उभ्या गाडीत शॉकअपच्या दोन्ही बोल्टमधील अंतर ४०० मिलिमीटर आहे. बम्पस्टॉप टेकल्यावर ते ३२० होते आणि चाक लोंबल्यावर ५०० होते. गाडी ५० मिलिमीटर उचलली की उभ्या स्थितीतील अंतर ४५० होईल आणि लोंबल्यावर सुमारे ५५०. वरचे टोक मात्र ३२० वरच राहील, कारण बम्पस्टॉप जागचा हललेला नाही. म्हणजे नव्या शॉकअपची ताणलेली लांबी ५५० पेक्षा थोडी जास्त आणि दाबलेली लांबी ३२० पेक्षा किमान १० मिलिमीटर कमी हवी. असा शॉकअप मिळत नसेल तर बम्पस्टॉप खाली आणून दाबलेल्या लांबीला जागा करून द्यावी लागते. ‘दोन इंची किट’ हे नाव वाचून केलेल्या खरेदीत नेमका हाच हिशेब राहून जातो.

मोजमाप कसे घ्यावे

गाडी सपाट, टणक जमिनीवर उभी करून मागच्या चाकांना दोन्ही बाजूंनी ठोकळे लावावेत. प्रथम उभ्या स्थितीत दोन बोल्टमधील अंतर आणि बम्पस्टॉपची मोकळी जागा मोजावी. नंतर चासी उचलून ती भक्कम लोखंडी स्टँडवर टेकवावी. केवळ जॅकच्या भरवशावर गाडीखाली शिरू नये. शॉकअप वेगळा असेल तर तो काढून चाक थांब्यापर्यंत सावकाश खाली सोडावे आणि दुसरे अंतर घ्यावे. ब्रेकची नळी किंवा एबीएसची तार ताणली जात असेल तर तेथेच थांबावे. शेवटी जॅकने चाक बम्पस्टॉपपर्यंत उचलून तिसरे अंतर घ्यावे. कॉइलओव्हरमध्ये हे मोजमाप स्प्रिंग उतरवल्याखेरीज नीट होत नाही आणि ते अनुभवी मेकॅनिककडेच करून घ्यावे. दाबलेल्या स्प्रिंगमध्ये शेकडो किलोचा रेटा साठलेला असतो. हलक्या दर्जाचा कॉम्प्रेसर निसटला तर ती जीवघेणी ठरते.

बसवताना

साध्या ट्विन-ट्यूब शॉकअपमध्ये आडवे ठेवल्याने हवा शिरलेली असू शकते. तो उभा धरून चार-पाच वेळा पूर्ण ताणावा आणि दाबावा, मगच बसवावा. हा प्रकार सहसा उलटा बसवता येत नाही. मोनोट्यूब प्रकार, उत्पादकाने तशी सोय केलेली असल्यास, उलटाही बसतो. वायूच्या दाबाचा शॉकअप पट्ट्याने बांधून आलेला असेल तर वरचे टोक बसवल्यानंतर, हात आणि चेहरा दूर ठेवून पट्टा कापावा.

वरच्या टोकाला पिनची जोडणी असेल तर नट जीव खाऊन आवळू नये. रबर फुगून वॉशरच्या कडेइतके झाले की पुरे. आवळताना पिन फिरू लागली म्हणून दांड्याला पकड लावणे ही गॅरेजमधील नेहमीची चूक आहे. दांड्यावर एक ओरखडा उठला तरी तो सील कापतो आणि काही दिवसांत तेल गळू लागते. खालच्या टोकाचा बोल्ट आधी हलका बसवून ठेवावा. गाडी जमिनीवर उतरून तिचे वजन चाकांवर आल्यावरच तो उत्पादकाने दिलेल्या टॉर्कने आवळावा. चाक लोंबत असताना आवळलेला रबरी बुश गाडी उतरताच पिळला जातो आणि लवकर फाटतो. शॉकअप नेहमी जोडीनेच बदलावेत. एका बाजूला नवा आणि दुसऱ्या बाजूला जुना असला तर ब्रेक लावताना गाडी एकसारखी दबत नाही.

त्यानंतरची तपासणी

स्टिअरिंग दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून टायर, ब्रेकची नळी आणि तारा कोठे घासत नाहीत ना, हे पाहावे. उंची बदलली की चाकांचे कोन बदलतात, त्यामुळे व्हील अलाइनमेंट त्याच दिवशी करून घ्यावी. हेडलाइटचा झोतही खाली आणावा लागतो. पुढून उचललेल्या पिकअपच्या हौद्यात माल भरला की नाक आणखी वर जाते आणि दिवे समोरच्याच्या डोळ्यांवर येतात. काही शे किलोमीटर चालवल्यानंतर सर्व बोल्ट पुन्हा तपासावेत. उंच गाडीचा गुरुत्वमध्य वर गेलेला असतो आणि उत्तम शॉकअपही तो खाली आणू शकत नाही. वळणावरचा वेग चालकालाच आवरावा लागतो.

कायद्याची बाजू

भारतात हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असा फेरफार वाहनात करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ रोजी दिलेल्या निकालात ही भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२-अ मध्ये बेकायदा फेरफारासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक फेरफारामागे पाच हजार रुपये दंड, अथवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. गळका शॉकअप काढून त्याच मापाचा बसवणे ही दुरुस्ती झाली. गाडीची उंची बदलणे हा वेगळा विषय आहे. किटची ऑर्डर देण्यापूर्वी प्रादेशिक परिवहन कार्यालय, विमा कंपनी आणि वॉरंटी असल्यास गाडीचे अधिकृत सेवा केंद्र, या तिन्ही ठिकाणी लेखी विचारणा करणे शहाणपणाचे ठरते.

तेथून हिरवा कंदील मिळाल्यानंतरही दुकानात जाताना किटच्या जाहिरातीऐवजी स्वतःच्या गाडीची तीन मापे लिहिलेली चिठ्ठी सोबत असावी. उभ्या स्थितीतील अंतर, बम्पस्टॉप टेकल्यावरचे अंतर आणि चाक लोंबल्यावरचे अंतर. शॉकअपच्या दोन्ही लांब्या या आकड्यांशी जुळत नसतील तर तो कितीही नामांकित असला तरी त्या गाडीसाठी नव्हे.