सिगार वाकडी का जळते?

आजचा प्रश्न वरवर एकदम फालतू वाटेल. सिगार एका बाजूने भराभर आणि दुसऱ्या बाजूने रेंगाळत का जळते? आधीच सांगून टाकतो, सिगार ओढा असं मी कुणाला सांगत नाहीये. धूर छातीत घेतला नाही तरी तोंडाचा आणि घशाचा कॅन्सर होऊ शकतो. पण या प्रश्नाचं टोक धरून मागे गेलं की क्यूबातली शेतं, कारखाने, संप, आणि चक्क पॉडकास्टचा पणजोबा भेटतो.

सिगारेटमध्ये बारीक चिरलेला तंबाखू आणि कागद. हाताने वळलेल्या हवाना सिगारमध्ये कागद नाहीच, सगळी पानंच. बाहेरचं गुळगुळीत पान म्हणजे कापा. त्याच्या आत सगळं बांधून ठेवणारं कापोते. आणि पोटातलं सारण म्हणजे त्रिपा. खरी गंमत या सारणात आहे. पान झाडावर कुठल्या उंचीवर आलं, यावर त्याचा स्वभाव ठरतो. खालची पानं वोलादो: चवीला फिकी, पण पटकन पेटणारी. मधली सेको, सुगंधासाठी. शेंड्याकडची लिहेरो: भरपूर ऊन खाल्लेली, जाड, तेलकट, कडक आणि सावकाश जळणारी.

म्हणून सिगार वळणारा कारागीर, ज्याला तिथे तोर्सेदोर म्हणतात, लिहेरो बरोबर मध्यभागी ठेवतो आणि बाकीची पानं तिच्याभोवती. ती जरा एका कडेला सरकली की संपलं! ती बाजू मागे राहते, दुसरी पुढे पळते, आणि टोक होडीसारखं तिरकं होतं. पानं घट्ट दाबली तर हवाच जात नाही, सिगार विझते. सैल राहिली तर धावत, गरम जळते. चांगला तोर्सेदोर प्रत्येक पानाची बारीक नळी करून मग त्या नळ्या एकत्र धरतो, म्हणजे हवेला टोकापासून टोकापर्यंत वाट राहते.

आणि कारागीर उत्तम असला तरी जमीन दगा देऊ शकते. 19व्या शतकात तेओफील श्लेझिंग या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने दाखवलं की पान नीट धुमसत राहणं हे त्यातल्या पोटॅशियमच्या क्षारांवर अवलंबून असतं. क्लोरीन जास्त झालं की उलटं, पान विझायला बघतं. म्हणून तंबाखूला म्युरेट ऑफ पोटॅश टाळतात आणि सल्फेट ऑफ पोटॅश देतात. घरी द्राक्षबाग असलेल्यांना ही दोन्ही नावं ओळखीची असतील. आमच्या धंद्यात बोलायचं तर बग दिसतो स्क्रीनवर, कारण मात्र चार लेयर खाली, डेटाबेसमध्ये.

बरं, हे घाईत केलं तर काय होतं? 1990च्या दशकात अमेरिकेत सिगारची लाट आली, जगभर मागणी वाढली. क्यूबाने उत्पादन वाढवायला घेतलं, नवशिके हात भराभर टेबलावर बसवले. दशक संपता संपता तक्रारी सुरू झाल्या: सिगार ओढलीच जात नाही, आत बोळा बसलाय. मग कारखान्यांत हवा खेचून बघणारी यंत्रं आली. बाहेरचं पान गुंडाळण्याआधीच कळतं की हवा किती जाते. म्हणजे टेस्टिंग आलं, पण प्रॉडक्शनमध्ये बोंब झाल्यावर. ओळखीचं वाटतंय ना?

आता माझा सगळ्यात आवडता भाग. या कामात बोटं आणि डोळे गुंतलेले असतात, कान मात्र रिकामे. दिवसभर तेच. 1865 साली हवानाच्या एल फिगारो कारखान्यात कामगारांनी एक पद्धत सुरू केली. आपल्यातल्या एकाने मोठ्याने वाचायचं, बाकीच्यांनी वळत राहायचं, आणि वाचणाऱ्याची मजुरी सगळ्यांनी मिळून भरायची. त्याला नाव पडलं लेक्तोर. वर्तमानपत्रं, राजकीय लेख, कादंबऱ्या! काय वाचायचं हे कामगार मत देऊन ठरवत. मालकाचा एक पैसा नाही, त्यामुळे निवडही मालकाची नाही. मला वाटतं सगळी ताकद याच एका गोष्टीत होती.

सरकारलाही ते लगेच कळलं. 1866 मध्ये, म्हणजे वर्षही व्हायच्या आत, स्पॅनिश कॅप्टन जनरलने कारखान्यातल्या वाचनावर बंदी घातली. लिहिता-वाचता न येणारा माणूसही आता वर्तमानपत्रातलं बोलायला लागला होता, हे त्यांना झेपणारं नव्हतं. 1868 ला स्पेनविरुद्ध युद्ध पेटलं. अनेक कारागीर समुद्र ओलांडून फ्लोरिडात गेले आणि लेक्तोरही बरोबर गेला. टॅम्पाजवळच्या इबोर सिटीत तो उंच मचाणावर बसून वाचायचा. पोर्तो रिकोची लुईसा कापेतियो हीसुद्धा लेक्तोर होती. 1915 मध्ये हवानात पँट घातली म्हणून तिला अटक झाली होती. अख्ख्या वेगळ्या एपिसोडचा विषय आहे ती!

टॅम्पात हे सगळं 1931 ला थांबलं. मंदी होती, संघटना तापल्या होत्या, आणि लेक्तोर क्रांतीचा मजकूर वाचतात असं म्हणत मालकांनी मचाणं उखडली. संप झाला, तरी लेक्तोर परत आला नाही. त्याच्या जागी रेडिओ आला. रेडिओवर काय लागणार हे मतदानाने ठरत नव्हतं.

आपल्याकडे केरळात, कण्णूरच्या विडी कारखान्यांत, हीच रीत होती. एकजण पेपर वाचायचा, बाकीचे विड्या वळायचे, आणि वाचणाऱ्याच्या वाटच्या विड्याही तेच वळून द्यायचे.

क्यूबात लेक्तोर आजही आहे. सकाळी वर्तमानपत्र, नंतर कादंबरी. सिगारवरच्या 'मॉन्टेक्रिस्टो' या नावामागे अलेक्झांडर द्यूमाची कादंबरी आहे, आणि ती कामगारांची लाडकी होती असं सांगतात. वाचन आवडलं की कामगार टाळ्या वाजवत नाहीत, हात पानांत असतात ना. पानं कापायची गोल पात्याची सुरी असते, चावेता. ती सगळे मिळून लाकडी फळीवर आपटतात.