रिकामी यादी, निरंक आणि गिरणीच्या गेटवरचा बदली

आजचा भाग ॲपबद्दल आहे आणि गिरणगावाबद्दलही. या दोघांचा संबंध काय, ते कळेलच.

फोनवर एखादं ॲप उघडा आणि 'माझ्या ऑर्डर्स'वर जा. समजा यादी रिकामी आहे. म्हणजे नक्की काय झालं? नेट स्लो आहे आणि यादी अजून यायचीय? यादी आलीय, पण तिच्यात खरंच काही नाही? की तुम्ही लॉगिनच केलेलं नाही, त्यामुळे ॲप तुम्हाला ओळखतच नाही? कोऱ्या पांढऱ्या स्क्रीनवर हे तिन्ही प्रकार अगदी सारखे दिसतात. म्हणून ॲप बनवणारी मंडळी तिथे काहीतरी ठेवतात. एखादं चित्र, एक ओळ, एखादं बटण. याला प्लेसहोल्डर म्हणतात, म्हणजे जागा धरून ठेवणारा.

अँड्रॉइडमध्ये ही सोय २००८ च्या पहिल्या आवृत्तीपासून आहे. यादी रिकामी असेल तर तिच्या जागी हे दाखव, एवढं सांगायचं. पण यात एक गोची आहे. माहिती येण्याआधी यादी रिकामीच असते ना! नीट काळजी घेतली नाही, तर सर्व्हरचं उत्तर येण्याआधीच 'तुमच्याकडे काहीही नाही' असं झळकतं आणि मग एकदम दहा ऑर्डर्स येतात. २०१४ मध्ये यादीसाठी रिसायकलरव्ह्यू आला, त्यात तर ही तयार सोयच नव्हती. ॲपलने आयफोनसाठी असा तयार पडदा दिला तो थेट २०२३ मध्ये, आयओएस १७ बरोबर.

आपल्या सरकारी कचेऱ्यांकडे यावर एक जुना शब्द आहे. निरंक. महिन्याचा अहवाल पाठवायचाय आणि सांगण्यासारखं काही घडलेलं नाही, तर रकाना कोरा ठेवत नाहीत, 'निरंक' लिहितात. कोरा रकाना म्हणजे कारकून विसरला असेल. निरंक म्हणजे कुणीतरी पाहिलंय, तपासलंय आणि खरंच काही नाही. सरकारी भाषेला आपण एरवी खूप हसतो, पण हा शब्द मला फार आवडतो.

आता परळ-लालबागला येऊ. मुंबईची पहिली कापड गिरणी ताडदेवला, १८५४ मध्ये कावसजी दावर यांनी उभी करायला घेतली. पुढे गिरण्या परळ, लालबाग, शिवडी, वरळीपर्यंत पसरल्या. गिरणीत रोज काही माणसं गैरहजर असायचीच. कुणी आजारी, कुणी पेरणीला कोकणात, कुणी घाटावर गावी. पण साचा, म्हणजे कापड विणायचा माग, बंद ठेवणं मालकाला परवडत नाही. म्हणून सकाळी भोंग्याच्या वेळेला गेटवर माणसांचा घोळका उभा असायचा आणि त्यातून जॉबर त्या दिवसापुरती माणसं उचलायचा. या माणसांना बदली म्हणत. कोणाला घ्यायचं हे जॉबरच्या मर्जीवर. त्याची मर्जी राखायला पैसे मोजावे लागत, ही तक्रार तेव्हाच्या सरकारी चौकशांमध्येही पोचलेली आहे.

बाहेर उभ्या माणसाला जॉबर काय सांगायचा? काहीच नाही. नाव पुकारलं गेलं नाही की समजायचं. पण काय समजायचं? आज कोणी गैरहजर नव्हतं? गैरहजर होते, पण दुसऱ्याने पैसे दिले? की आपलं नाव कुठल्याच यादीत नाही? तीच कोरी स्क्रीन. फरक एवढाच, की इथे रिफ्रेश करायला दुसऱ्या दिवशी पहाटे उठून पुन्हा गेटवर यावं लागायचं.

१९३५ मध्ये मुंबईच्या गिरणीमालकांच्या संघटनेने बदली नियंत्रण योजना आणली. दर महिन्याच्या १ तारखेला ठरावीक माणसांना बदली कार्ड द्यायचं. त्यांनी रोज सकाळी हजर राहायचं आणि रिकाम्या जागा त्यांच्यातूनच भरायच्या. कार्डाने काम मिळेलच असं नव्हतं. पण आपण यादीत आहोत की नाही, एवढं तरी कळायला लागलं. माझ्या मते ही छोटी गोष्ट नाही.

पुढे कायद्यानेही बदलीची व्याख्या केली. १९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्यात १९५३ मध्ये सुधारणा झाली, त्यात ती आली. बदली कामगार म्हणजे हजेरीपटावर ज्याचं नाव आहे, अशा दुसऱ्या कामगाराच्या जागेवर काम करणारा. शब्दशः प्लेसहोल्डर! याच कायद्यात आणखी एक बारीक गोष्ट होती. हजेरीपटावर नाव असलेला कामगार वेळेवर कामाला आला आणि दोन तासांत त्याला काम दिलं नाही, तर त्या दिवसापुरता तो 'ले-ऑफ' झाला असं धरायचं. मग अटींत बसला, तर मूळ पगार आणि महागाई भत्त्याच्या निम्मी भरपाई. म्हणजे त्याच्या रिकाम्या दिवसावरही काहीतरी लिहिलं जायचं. बदलीला हे लागू व्हायला आधी एक वर्षाची सलग सेवा लागायची. आणि सलग म्हणजे साधारणपणे बारा महिन्यांत २४० दिवस प्रत्यक्ष काम. गेटवर येऊन परत गेलेला दिवस 'प्रत्यक्ष काम' कसा होणार? पहाटे उठणं, चालत येणं, उभं राहणं, सगळं कोऱ्या रकान्यात.

म्हणून १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला, तेव्हा पगार आणि बोनसबरोबर बदली कामगारांना कायम करा, ही मागणीही होती. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले. तो संप रीतसर मागे घेतला गेलाच नाही. कागदावर बघाल तर तो अजून 'लोडिंग' आहे, असं एक कडू हसू येतं. हजेरीपट मात्र रिकामे झाले, आणि त्यातले बरेच पुन्हा भरलेच नाहीत.

याचं पुढचं टोक म्हाडाच्या यादीत आहे. बंद गिरण्यांच्या जमिनीवर कामगारांसाठी घरं बांधायचं ठरलं. पात्रतेची मुख्य अट अशी, की कामगार १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर गिरणीत कामावर असला पाहिजे. सुमारे १ लाख ४८ हजार अर्ज आले. २८ जून २०१२ ला पहिली मोठी सोडत निघाली, घरं ६,९२५. म्हणजे साधारण एकवीस अर्जांमागे एक घर. बाकीच्या वीस घरांमध्ये कुणीतरी यादी वरून खाली वाचली असेल, मग खालून वर. विजेत्यांच्या यादीत नाव नाही याचा अर्थ नशीब नाही, की कागद कमी पडला, की अर्जातच काही चुकलं? विजेत्यांची यादी फक्त विजेत्यांबद्दल बोलते.

आपल्या ऐकणाऱ्यांमध्ये ॲप बनवणारे बरेच जण आहेत, म्हणून एक काम सांगतो. तुमच्या यादीचे तीन रिकामेपणे वेगळे करा. 'शोधतोय, थांबा', 'शोधलं, निरंक' आणि 'तुमची ओळख पटली नाही, इथून पुढे असं करा'. तिन्हींसाठी एकच हसरं कार्टून लावू नका. आणि तिसऱ्या ओळीत नंबर किंवा पत्ता द्या, कारण तिथे अडकलेल्या माणसाला दुसरं कोणी विचारायलाही नसतं.

आणि ज्यांचे आजोबा किंवा आजी गिरणीत होते त्यांच्यासाठी. घरातल्या ट्रंकेत तिकीट नंबर असलेलं काही, ईएसआयचं कार्ड, फंडाची पावती, सर्व्हिसचा दाखला सापडला, तर आजच फोटो काढून ठेवा. त्यावरची तारीख नीट वाचा. १ जानेवारी १९८२ च्या अलीकडची की पलीकडची, यावर बरंच अवलंबून आहे.