दिनविशेष : ३१ जानेवारी – जुन्या गीताला राज्यगीताचा मान

नाशिक : राजा बढे यांनी लिहिलेलं, श्रीनिवास खळे यांनी स्वरबद्ध केलेलं आणि शाहीर साबळे यांनी गायलेलं ‘जय जय महाराष्ट्र माझा’ हे गीत राज्यगीत म्हणून स्वीकारण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२३ मध्ये आजच्याच दिवशी घेतला. १९ फेब्रुवारीला, शिवजयंतीपासून, तो अमलात आला.

महाराष्ट्र राज्य स्थापन झालं त्या काळातलं हे गीत. कवी नागपूरचे, संगीतकार बडोद्यात वाढलेले, शाहीर वाईजवळच्या पसरणीचे. गीतात नद्यांची नावं येतात, त्यात आपली गोदावरीही आहे. त्र्यंबकच्या ब्रह्मगिरीवर उगम पावणाऱ्या नदीचं नाव राज्यभर घुमतं, याचा नाशिककरांना अभिमान वाटायलाच हवा.

राज्यगीतासाठी दोन चरणांचं रूप ठरलं आणि शाळांच्या परिपाठातही ते आलं. त्याच वर्षी २८ एप्रिलला शाहिरांचे नातू केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ हा चित्रपट प्रदर्शित झाला. अंकुश चौधरी शाहिरांच्या भूमिकेत होते. शाहीर मात्र २०१५ मध्येच गेले. राज्यगीताचा हा मान त्यांच्या हयातीत मिळायला हवा होता.