पदांच्या पुस्तकांत काय पाहावें?

वाकडचें शेतांमधलें जुनें घर सोडून आम्ही उंच इमारतींत राहावयास गेलों, तेव्हां आजोबांचीं नाटकांच्या पदांचीं पुस्तकें मींच रद्दींत घातलीं. ध्वनिमुद्रिका मात्र मौल्यवान म्हणून ठेविल्या. ती चूक होती. कशी, तें सांगतों.

अण्णासाहेब किर्लोस्करांचें ‘शाकुंतल’ १८८० सालीं पुण्यास रंगभूमीवर आलें. ‘सौभद्र’ १८८२ सालीं. अशा नाटकांच्या जुन्या छापील पुस्तकांत पदाच्या माथ्यावर बहुधा राग, ताल किंवा ‘चाल’ नोंदलेली असते. ही ओळ म्हणजे पदाची वंशावळच होय. साकी-दिंडी कोठें, लावणी कोठें, कानडी गाणें कोठें, हें तिजवरून उमगतें. पुढें १९११ च्या ‘मानापमाना’स गोविंदराव टेंबे यांनीं व १९१६ च्या ‘स्वयंवरा’स भास्करबुवा बखले यांनीं चाली दिल्या, आणि ठुमरी व ख्याल यांचा रंग मराठी पदांवर चढला.

७८ फेऱ्यांच्या दहा इंची तबकडीच्या एका बाजूस सुमारें तीनच मिनिटें मावत. तींत गळा उरला. नाटकांतला प्रसंग मात्र सुटला. पुढील अनेक निवडक संग्रहांत तर ‘चाली’ची ओळही गाळलेली आढळते.

म्हणून नाट्यवेड्या स्नेह्यास भेट निवडतांना वेष्टनाच्या झगमगाटाकडे पाहूं नये. चाल, प्रसंग आणि आवृत्तीचें साल पाहावें. समासांत कोणीं पेन्सिलीनें मात्रांच्या खुणा केल्या असतील, तर तें जीर्ण पुस्तक आधीं उचलावें. आजोबांच्या पुस्तकांत तशा खुणा होत्या.