पैशाची : ग्रंथ हरवलेली भाषा आणि तिच्या वाढत गेलेल्या बोली

गोदावरीच्या ज्या पट्ट्यात पैठण आणि त्याच्या पूर्वेला नांदेड वसलेले आहे, तो प्राचीन काळी मूलक आणि अश्मक या जनपदांचा प्रदेश होता. पुढे तेथे सातवाहनांची सत्ता दृढ झाली आणि पैठण, म्हणजे प्रतिष्ठान, ही तिची राजधानी म्हणून ओळखली जाऊ लागली. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि त्याच्या पूर्वेकडील तगर, म्हणजे लातूरच्या शेजारचे आजचे तेर, या दक्षिणापथाच्या दोन मोठ्या बाजारपेठा म्हणून नोंदल्या आहेत. या राजवटीशी परंपरेने दोन ग्रंथ जोडले : माहाराष्ट्री प्राकृतातील हालाची ‘गाथासप्तशती’ आणि पैशाची भाषेतील गुणाढ्याची ‘बृहत्कथा’. पहिला ग्रंथ टिकला आणि त्यामुळे माहाराष्ट्रीचे रूप निश्चित राहिले. दुसरा नष्ट झाला, आणि त्याच्या भाषेविषयीची माहिती मात्र शतकागणिक वाढत गेली. ही वाढ कशी झाली, हाच पैशाचीच्या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग आहे.

पैशाची म्हणजे पिशाचांची भाषा; तिला ‘भूतभाषा’ असेही म्हणत. तिच्या उत्पत्तीची कथा सोमदेवाने अकराव्या शतकात काश्मीरमध्ये रचलेल्या ‘कथासरित्सागर’ या संस्कृत ग्रंथात येते. जलक्रीडेच्या वेळी राणीच्या संस्कृत बोलण्याचा अर्थ न कळल्याने लज्जित झालेल्या सातवाहन राजाला शर्ववर्मा या मंत्र्याने सहा महिन्यांत व्याकरण शिकवण्याची प्रतिज्ञा केली. ती पुरी झाली, तर संस्कृत, प्राकृत आणि देशभाषा या तिन्हींचा त्याग करीन, असा पण गुणाढ्याने लावला होता, आणि तो हरला. मौन पत्करून विंध्यारण्यात गेलेल्या गुणाढ्याला तेथे पिशाचांची चौथी भाषा अवगत झाली, काणभूती नावाच्या पिशाचाकडून त्याने दिव्य कथा ऐकली आणि सात लाख श्लोकांत ती स्वतःच्या रक्ताने लिहून काढली. राजाने ती तुच्छ मानून परत पाठवल्यावर गुणाढ्याने अरण्यातील पशुपक्ष्यांना वाचून दाखवीत एकेक पान अग्नीत टाकले, आणि राजा धावत आला तोवर सहा लाख श्लोक जळून केवळ एक लाख उरले होते.

ही कथा इतिहास नव्हे. परंतु ग्रंथ काल्पनिक होता, असेही म्हणता येत नाही. दंडीने ‘काव्यादर्शा’त भूतभाषेतील बृहत्कथेचा निर्देश केला आहे, बाणभट्टाला ती परिचित होती आणि नवव्या शतकातील कंबोडियाच्या एका शिलालेखातही गुणाढ्याचे नाव येते. क्षेमेंद्राची ‘बृहत्कथामंजरी’, बुधस्वामीचा ‘बृहत्कथाश्लोकसंग्रह’, संघदासगणीची जैन ‘वसुदेवहिंडी’ आणि तमिळमधील ‘पेरुंगदै’ या ग्रंथांतून तिचे कथानक निरनिराळ्या रूपांत टिकून राहिले. मात्र कथानक टिकले तरी मूळ भाषा टिकली नाही, आणि तिचे ज्ञान पुढे प्रामुख्याने वैयाकरणांच्या सूत्रांतूनच होऊ लागले.

या सूत्रांचा गाभा साधा आहे. वररुचीच्या नावावर असलेल्या ‘प्राकृतप्रकाशा’नुसार पैशाचीत शब्दाच्या आत येणाऱ्या घोष व्यंजनांच्या, म्हणजे ज्यांच्या उच्चारात कंठातील स्वरतंतू कंप पावतात अशा ग, घ, ज यांसारख्या व्यंजनांच्या, जागी क, ख, च अशी अघोष व्यंजने येतात, म्हणून गगनचे ‘गकन’, मेघचे ‘मेख’ आणि राजाचे ‘राचा’ होते. ‘ण’च्या जागी ‘न’ येतो. बाराव्या शतकात गुजरातेत हेमचंद्राने या नियमांत भर घातली, ‘ल’चा ‘ळ’ होतो असे सांगितले आणि ‘चूलिकापैशाची’ ही पोटभाषा वेगळी काढली. तिच्यात शब्दारंभीचे घोष वर्णही बदलतात, त्यामुळे गिरीचे ‘किरी’ होते.

येथून पुढे बोलींची संख्या वाढू लागली. ओडिशातील मार्कंडेयाने ‘प्राकृतसर्वस्वा’त कैकेय, शौरसेन आणि पांचाल असे पैशाचीचे तीन भेद मान्य केले, आणि कांची, पांड्य, गौड, मागध, व्राचड, दाक्षिणात्य अशा नावांसह अकरा भेद मानणाऱ्या मताचीही नोंद केली. लक्ष्मीधराच्या ‘षड्भाषाचंद्रिके’त पिशाचदेशांची यादी आहे, आणि तिच्यात पांड्य, केकय, बाह्लीक, नेपाळ, गांधार यांच्या रांगेत कुंतलही आहे. कल्याणीच्या चालुक्यांना कुंतलेश्वर म्हणत आणि त्यांची राजधानी कल्याणी, म्हणजे आजचे बसवकल्याण, लातूर जिल्ह्याच्या सीमेपासून जवळच होती. त्यामुळे या यादीचा शब्दशः अर्थ घेतल्यास निलंगा-औशाचा परिसरही पिशाचदेशात मोडेल. हिमालयापासून पांड्यदेशापर्यंत पसरलेली अशी यादी हे बोलींचे सर्वेक्षण असू शकत नाही. ज्या भाषेचा ग्रंथ हाती नव्हता, तिच्या विस्ताराला प्रत्यक्ष पुराव्याची मर्यादा राहिली नव्हती, असाच तिचा अर्थ लावावा लागतो.

आधुनिक अभ्यासकांनीही या मोकळ्या जागेत आपापले नकाशे मांडले. जॉर्ज ग्रिअर्सनने 1906 मध्ये पैशाचीचा संबंध वायव्येकडील, काश्मीरलगतच्या भाषांशी जोडला, तर स्टेन कोनोने तिचे मूळ विंध्य प्रदेशात शोधले आणि तिचे पालीशी असलेले साम्य दाखवले. मराठवाड्यातील खेड्यापाड्यांत आजही ‘पाणी’चे ‘पानी’ आणि ‘कोण’चे ‘कोन’ होते, यावरून येथील बोलीत पैशाचीचा अवशेष शोधण्याचा मोह होऊ शकतो. परंतु ‘ण’चा ‘न’ होणे हिंदीसह अनेक भाषांत आढळते आणि एकट्या लक्षणावरून वंश सिद्ध होत नाही. पैशाची ही प्रत्यक्ष बोलली जाणारी भाषा होती, की एखाद्या बोलीच्या आधारे अद्भुत कथेसाठी घडवलेली साहित्यभाषा, याचा निवाडा करण्यासाठी सूत्रे पुरेशी नाहीत. कारण सूत्र भाषेचे नियम सांगते, ती भाषा बोलणारा समाज सांगत नाही. म्हणूनच गोदाकाठच्या भाषिक इतिहासात पैशाचीचे स्थान माहाराष्ट्रीच्या बरोबरीने मांडताना, बृहत्कथेच्या अस्तित्वाचा पुरावा आणि पैशाचीच्या अकरा बोलींविषयीची परंपरा या दोहोंना एकाच मापाने मोजता येत नाही.